जागरणाची गोळी

गळीत हंगामात बारामती-इंदापूरचा पट्टा रात्री झोपत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथल्या कारखान्यांच्या गव्हाणीत रात्रभर ऊस पडत असतो. वजनकाट्यासमोर नंबर लावून ट्रॅक्टर उभे असतात आणि दोन-दोन ट्रेलर ओढून आलेला चालक स्टिअरिंगवर मान टाकून मिळेल तेवढा वेळ डोळा लावून घेतो. साखर कारखान्यांच्या पाळ्या बहुतेक ठिकाणी चार, बारा आणि आठला बदलतात. रात्री आठला कामावर चढलेला माणूस पहाटे चारला, झोप सगळ्यांत अनावर असते त्या वेळी, मोटारसायकलवर बसून गावाकडे निघतो. बारामतीच्या एमआयडीसीतही रात्रपाळी असते. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूर ट्रकांची रांग तुटत नाही.

त्याच रात्री दोन्ही गावांतल्या अभ्यासिकांचे दिवेही चालू असतात. प्लायवूडच्या फळ्या मारून पाडलेले छोटे खण, खुर्चीवर घरून आणलेली उशी, फळीला चिकटवलेलं वेळापत्रक, कोपऱ्यात थर्मास. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, जी जाहिरात येईल तिची तयारी. शेतीवर पोट भरत नाही म्हणून आईवडिलांनी शहरात ठेवलेली ही मुलं आहेत. खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि अभ्यासिकेची फी हे सगळं त्यांच्या डोक्यात सतत चालू असतं. झोपलेला प्रत्येक तास वाया गेला असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं मी समजू शकतो.

इथेच ‘मोडाफिनिल’ हे नाव कानावर येतं. कुणा सीनियरनं सांगितलेलं असतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. गोळी घेतली की झोप येत नाही, डोकं चालतं, वाचलेलं लक्षात राहतं, आणि हे काही नशेचं औषध नाही, असं सांगितलं जातं. या चार दाव्यांपैकी पहिला बराचसा खरा आहे. दुसरा थोडा खरा आहे. तिसऱ्याला फारसा आधार नाही. चौथा निष्काळजीपणाचा आहे. कशाच्या जोरावर मी हे म्हणतो, ते पुढे सविस्तर मांडतो.

१९७० च्या दशकात फ्रान्समधल्या लाफों या औषध कंपनीत अॅड्राफिनिल नावाचं रसायन तयार झालं. शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं, ते मोडाफिनिल. झोपेच्या शास्त्रातलं मोठं नाव असलेले ल्यों शहरातले संशोधक मिशेल झुव्हे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. या विकारात माणूस बोलताबोलता, जेवताजेवता झोपेत कोसळतो. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये आणि डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी औषधाला मान्यता मिळाली. २००४ मध्ये अमेरिकेने आणखी दोन कारणांसाठी ते मान्य केलं. एक, झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर यंत्राचे उपचार चालू असूनही दिवसा उरणारी पेंग. दुसरं, रात्रपाळीमुळे होणारा झोपेचा विकार. त्याचंच सख्खं भावंड असलेलं आर्मोडाफिनिल २००७ मध्ये आलं. भारतात दोन्ही बनतात आणि कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

हे औषध अँफेटामिन या उत्तेजक औषधासारखं नाही, अगदी वेगळ्या वाटेने काम करतं, असं बराच काळ सांगितलं गेलं. २००९ मध्ये नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी पुरुषांना २०० आणि ४०० मिलिग्रॅम मोडाफिनिल देऊन त्यांच्या मेंदूची पेट-स्कॅन चित्रं घेतली. मेंदूतलं डोपामिन परत शोषून घेणारी जी यंत्रणा असते, ती या औषधाने अडवली जात होती आणि डोपामिन वाढत होतं. व्यसन जिथे रुजतं त्या भागातही ते वाढत होतं. अँफेटामिनइतकी ओढ या गोळीची लागत नाही हे खरं, पण सवय लागण्याची शक्यता मेंदूच्या पातळीवर दिसते. अमेरिकेत हे औषध नियंत्रित पदार्थांच्या चौथ्या यादीत आहे, ते उगाच नव्हे.

आता एक साधा हिशेब. मोडाफिनिलचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण १२ ते १५ तास लागतात. चहातल्या कॅफिनला त्यासाठी सुमारे पाच तास लागतात. दुपारी चारला, ‘आज रात्री बसायचंय’ म्हणून गोळी घेतलेल्या मुलाच्या अंगात पहाटे पाचलाही निम्मं औषध शिल्लक असतं. तो पाचला आडवा होतो आणि छताकडे बघत राहतो. मग दुसऱ्या दिवशी डोकं जड, म्हणून पुन्हा गोळी. डॉक्टर हे औषध नार्कोलेप्सीत सकाळी द्यायला सांगतात आणि रात्रपाळीवाल्याला पाळीच्या तासभर आधी, त्यामागे हाच हिशेब आहे.

या औषधाची बाजू जिथे भक्कम आहे ती आधी मांडली पाहिजे. नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांना त्याचा खरा उपयोग होतो. वर्गात रोज झोपणारा, मास्तरांचा मार खाणारा, घरात आळशी ठरलेला एखादा मुलगा प्रत्यक्षात नार्कोलेप्सीचा रुग्ण असू शकतो. हसताहसता किंवा चिडल्यावर अचानक गुडघे लुळे पडणं ही त्याची ओळखीची खूण. अशा मुलाला निदान आणि औषध मिळालं तर त्याचं आयुष्य बदलतं. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि ज्याला नाही तो मागवून घेतो, ही या गोळीची मला सगळ्यांत सलणारी गोष्ट आहे.

रात्रपाळीचा पुरावा जास्त बारकाईने पाहावा लागतो, कारण तो थेट आपल्या कारखान्यांशी भिडतो. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास यातला सर्वांत महत्त्वाचा. रात्रपाळीने झोपेचा विकार झालेले २०९ कामगार, तीन महिने, निम्म्यांना पाळीआधी २०० मिलिग्रॅम मोडाफिनिल, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. रात्री मधूनमधून त्यांना अंधाऱ्या खोलीत आडवं करून किती मिनिटांत डोळा लागतो ते मोजलं. नीट झोप झालेल्या माणसाला दिवसा यासाठी दहा मिनिटांहून जास्त लागतात. पाचच्या आत डोळा लागला तर ती गंभीर पेंग समजतात. औषध घेणाऱ्यांचा आकडा २.१ मिनिटांवरून ३.८ मिनिटांवर गेला. बिनऔषधाच्या गटात तो जेमतेम हलला. म्हणजे औषधाने फरक पडला, पण औषध घेतलेला कामगारही आजारी म्हणावा इतका पेंगुळलेलाच राहिला.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कामावरून घरी जाताना अपघात झाला किंवा होताहोता वाचला, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण बिनऔषधाच्या गटात ५४ टक्के होतं, औषधाच्या गटात २९ टक्के. ही कामगारांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे, पोलिसांच्या नोंदी नव्हेत. तरीही भवानीनगरहून लासुर्ण्याकडे पहाटे सव्वाचारला दुचाकीवर निघालेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

मग रात्रपाळीवाल्यांना ही गोळी सर्रास द्यावी का? युरोपने ‘नाही’ म्हटलं. २०१० मध्ये युरोपीय औषध संस्थेने सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि मोडाफिनिल फक्त नार्कोलेप्सीपुरतं ठेवावं अशी शिफारस केली. रात्रपाळी आणि श्वास अडकण्याचा विकार ही दोन्ही कारणं काढून टाकली, कारण तिथे मिळणारा फायदा त्वचेच्या आणि मनाच्या दुष्परिणामांच्या तुलनेत पुरेसा भरला नाही. अमेरिकेत ही कारणं आजही मान्य आहेत. कॉक्रेन या आढावा संस्थेने २०१४ मध्ये पाळीत काम करणाऱ्यांसाठीच्या औषधांच्या १५ चाचण्या, ७१८ माणसं, एकत्र तपासली. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिलने जागेपणा वाढतो, पण डोकेदुखी, मळमळ यांसारखे त्रासही वाढतात, असं त्यात दिसलं. मला इथे युरोपचा निर्णय जास्त पटतो. आठ ते चारची पाळी ही व्यवस्थेने केलेली अडचण आहे. तिच्यासाठी निरोगी माणसाच्या रक्तात रोज औषध घालायचं असेल, तर फायदा याहून कितीतरी मोठा दिसायला हवा.

अभ्यास करणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. ती आजारी नाहीत. निरोगी, झोप झालेल्या माणसाचं डोकं या गोळीने जास्त चालतं का? रुआरी बॅटलडे आणि अॅना-कॅथरिन ब्रेम यांनी २०१५ मध्ये १९९० ते २०१४ या काळातले २४ अभ्यास एकत्र पाहिले. साध्या, छोट्या चाचण्यांत निकाल मिश्र होते. गुंतागुंतीच्या कामांत, म्हणजे नियोजन आणि निर्णय घेण्यात, थोडा फायदा दिसत होता, कुठे लक्ष देण्यात आणि शिकण्यातही. सर्जनशील विचारात फायदा नव्हता. या लेखावरून जगभर ‘पहिली सुरक्षित हुशारीची गोळी’ अशा बातम्या झाल्या आणि आजचे व्हिडिओ त्याच बातम्यांवर चालले आहेत. त्यातले बहुतेक अभ्यास एकाच डोसचे होते, हे त्या बातम्यांत कुणी सांगितलं नाही. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या तयारीबद्दल एका दिवसाचा डोस काय सांगणार?

पुढे आकडेमोड जास्त कडक झाली. अलेक्झांड्रा क्रेडलो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात एकूण परिणाम ०.१० निघाला. कार्ल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या विश्लेषणात ०.१२. हे आकडे असे वाचायचे: गुणांनुसार १०० मुलं रांगेत उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाला गोळी दिली, तर तो सरासरीने चार-पाच जागा पुढे सरकेल. कुणी म्हणेल, भरतीत एका गुणात शंभर जण उभे असतात, चार जागाही सोडायच्या कशाला? पण ही रांग प्रयोगशाळेतली आहे. तिथे पडद्यावरचे ठिपके ओळखायचे असतात, आकडे उलटे म्हणायचे असतात. पंचायत राज, भूगोल, चालू घडामोडी यांचे महिनोन्‌महिने रचलेले थर आणि त्यातून मिळालेले गुण मोडाफिनिलने वाढतात, हे दाखवणारी एकही चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही.

दोन प्रयोग मात्र परीक्षेच्या फार जवळ जातात. २०१७ मध्ये जर्मनीत आंद्रेआस फ्रांके आणि सहकाऱ्यांनी ३९ बुद्धिबळपटूंना वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट हे दुसरं उत्तेजक, कॅफिन किंवा बिनऔषधाची गोळी देऊन संगणकाविरुद्ध पंधरा मिनिटांचे डाव खेळायला लावले. औषधावर असताना खेळाडू प्रत्येक खेळीवर जास्त वेळ विचार करत राहिले. वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले, तर मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेटवरचा खेळ सुधारलेला दिसतो. पण सगळे डाव धरले तर गुणांत ठाम फरक उरत नाही, कारण घड्याळाने हरलेल्या डावांची संख्या वाढली होती. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न सोडवणाऱ्याने हा निकाल नीट लक्षात घ्यावा. एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट मिळतो. तिथे खोल जाण्यापेक्षा ‘हा सोडून दे, पुढे चल’ हे सुचणं जास्त मोलाचं असतं.

दुसरा प्रयोग २०२३ चा, एलिझाबेथ बोमन आणि सहकाऱ्यांचा. ४० तरुण माणसं. कोडं असं की पिशवी ठरावीक वजनच उचलते, समोर वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू आहेत, तर जास्तीत जास्त किंमत पिशवीत कशी भरायची? तिन्ही औषधांवर, म्हणजे मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट आणि डेक्सअँफेटामिनवर, लोक जास्त वेळ झटले, वस्तू जास्त वेळा हलवून पाहिल्या, पण उत्तरांचा दर्जा घसरला. बिनऔषधाच्या दिवशी सरासरीच्या वर असणारे औषधावर सरासरीच्या खाली जाण्याकडे झुकले. मेहनत वाढली आणि तिच्यातली दिशा गेली. गोळी घेऊन रात्र काढलेला मुलगा सकाळी ‘काल लई अभ्यास झाला’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने खरंच खूप पानं उलटलेली असतात.

याहून गंभीर गोष्ट जुन्या, १९९७ च्या एका प्रयोगात आहे. कॅनडातल्या जोसेफ बारान्स्की आणि रॉस पिजो यांनी लोकांना ६४ तास जागवलं. काहींना मोडाफिनिल, काहींना अँफेटामिन, काहींना बिनऔषधाची गोळी. प्रत्येक उत्तराबरोबर ‘हे किती खात्रीने सांगतोस’ असंही विचारलं. मोडाफिनिल घेतलेल्यांना आपली कामगिरी होती त्याहून चांगली वाटत होती. आपल्या बहुतेक स्पर्धा परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत पाव हिश्श्याने. तिथे काय येतं याइतकंच काय येत नाही हे ओळखता येणं महत्त्वाचं. न झोपलेल्या मेंदूची ती ओळख आधीच कमजोर झालेली असते, गोळी त्यावर खोटा आत्मविश्वास चढवते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं आणि सकाळी गोळी घेऊन हॉलवर जायचं, या बेतातला हा सगळ्यांत मोठा धोका. पाठांतराचं नुकसान निदान कळून येतं, याचं कळतही नाही.

आणि पाठांतराचंही नुकसान होतंच. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं काम मेंदू झोपेत करतो, विशेषतः पहिल्या प्रहरांतल्या गाढ झोपेत. मोडाफिनिल झोपेची इच्छा दाबतं, झोपेचं काम करून देत नाही. विरजण लावायचंच नाही आणि सकाळी दही मागायचं, अशातली गत आहे.

सुरक्षिततेकडे वळू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य कारणासाठी, प्रौढ माणसांत हे औषध तुलनेने सुरक्षित आहे, असंच चाचण्या सांगतात. अमेरिकी माहितीपत्रकानुसार डोकेदुखी ३४ टक्के लोकांना झाली, बिनऔषधाच्या गटात २३ टक्के. मळमळ ११ टक्के, तिथे ३ टक्के. धडधड, अस्वस्थपणा, भूक मरणं, झोप उडणं हे त्रासही त्यात आहेत. हृदयाच्या झडपेचा किंवा भिंती जाड होण्याचा विकार असेल तर औषध टाळायला सांगितलं आहे. रक्तदाब वाढलेल्याने तपासत राहायचं असतं. अभ्यासिकेतल्या मुलाने आपला रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?

त्वचेचा दुष्परिणाम विरळ आहे, पण जीवघेणा. लहान मुलांच्या अतिचंचलतेवर मोडाफिनिल द्यावं का, हे तपासणाऱ्या चाचण्यांत १,५८५ मुलांपैकी १३ जणांना औषध बंद करण्याइतकं पुरळ उठलं. त्यातल्या एकाला स्टीव्हन्स-जॉन्सन विकार असल्याची शंका होती. यात कातडी आणि तोंडाचं अस्तर भाजल्यासारखं सोलून निघतं. मार्च २००६ मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने १२ विरुद्ध १ मतांनी मुलांसाठीचा वापर नाकारला. प्रौढांच्या चाचण्यांत, ४,२६४ जणांत, असं गंभीर पुरळ दिसलं नव्हतं, पण औषध बाजारात आल्यावर प्रौढांतही अशा घटना नोंदल्या गेल्या. म्हणून दहावी-बारावीच्या मुलांना ही गोळी देण्याचा विचारही कुणी करू नये. प्रौढ माणसालाही गोळी चालू असताना अंगावर चट्टे, तोंडात फोड, डोळ्यांची आग, ताप यातलं काही झालं, तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठावा. ‘गरमी झाली असेल’ म्हणून वाट पाहू नये.

मनावरच्या परिणामांत एक नोंद माझ्या मनातून जात नाही. एका निरोगी तरुणाने चाचणीत ६०० मिलिग्रॅमचे डोस रोज घेतले, म्हणजे नेहमीच्या तिप्पट, आणि झोपही काढली नाही. त्याला लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटू लागलं, मग संशय, मग कानात आवाज. औषध थांबवल्यावर ३६ तासांनी तो बरा होता. तिप्पट डोस आणि झोप नाही, ही स्थिती परीक्षेच्या आठवड्यात खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत काही फार दूरची नाही. आणि त्याच्यावर ३६ तास लक्ष ठेवायला प्रयोगशाळेसारखं कुणी नसतं.

मुलींनी आणि नवविवाहितांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ती कुणी सांगत नाही. मोडाफिनिल यकृतातली औषधं तोडणारी यंत्रणा वाढवतं, त्यामुळे माला-एन, माला-डी यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि तातडीच्या गोळीचाही परिणाम कमी होऊ शकतो. हा परिणाम मोडाफिनिल थांबवल्यावरही अमेरिकी सूचनेनुसार एक महिना आणि युरोपीय सूचनेनुसार दोन महिने राहतो. तांबीवर तो होत नाही. आणि दिवस राहिलेच तर धोका आणखी वाढतो. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तिमाहीत मोडाफिनिल घेतलेल्या ४९ गर्भवतींपैकी १२ टक्के बाळांत मोठं जन्मजात व्यंग आढळलं, इतरांत हे प्रमाण ३.९ टक्के होतं. संख्या लहान आहे, तरी ब्रिटनसह अनेक देशांनी गरोदरपणात हे औषध देऊ नये असं बजावलं आहे.

आता चहा. निदान तो तरी निरुपद्रवी साधन म्हणून या चर्चेत यायलाच हवा. २००२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या संशोधकांनी ५० तरुणांना चाळीसहून जास्त तास जागवून काहींना मोडाफिनिल, काहींना ६०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं. २०० आणि ४०० मिलिग्रॅम मोडाफिनिल आणि ते कॅफिन यांच्यात जागेपणाच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. ६०० मिलिग्रॅम हा डोस मोठा आहे. युरोपीय अन्न संस्था प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानते, आणि आपल्या एका कपात साधारण ३० ते ५० असतं. तेव्हा रात्री दोन-तीन कप चहा घेणारा कामगार विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचं काही करत नाही. टपरीवर वीस रुपयांना मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकचा हिशेबही हाच. भारतीय नियमानुसार त्यात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. त्रास एका बाटलीने नव्हे, चार-पाच बाटल्यांनी आणि साखरेने होतो. मुलांनी पिऊ नये अशी सूचना बाटलीवरच छापलेली असते. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी करण्याचं विधान परिषदेत जाहीर केलं.

अभ्यासिकेतून मैदानावर गेलं की औषध बदलतं आणि धोका कित्येक पटींनी वाढतो. पोलीस भरतीत १६०० मीटर धावणं, १०० मीटर, गोळाफेक यांना ५० गुण असतात, आणि जिममध्ये, मैदानावर ‘दम लागत नाही’ म्हणून मेफेंटरमाइनचं इंजेक्शन फिरतं. गेल्या काही वर्षांत पुण्यासह राज्यात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याचे साठे वारंवार पकडले आहेत. हे मुळात भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधलं औषध आहे. सिझेरियनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब खाली आला, तर मॉनिटरकडे डोळे लावून तीन-सहा मिलिग्रॅम द्यायचं. दहा मिलिलिटरच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम असतं. रचनेने ते अँफेटामिनच्या घराण्यातलं आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्या व्यसनाचे, संशयविकाराचे आणि हृदय निकामी होण्याचे रुग्ण नोंदवले आहेत. त्यात सुई एकमेकांत वापरली गेली, तर कावीळ आणि एचआयव्ही. मोडाफिनिलबद्दल फायदा-तोट्याची चर्चा तरी करता येते, याबद्दल करण्यासारखं काही नाही. तालमीतल्या मुलांनी आणखी लक्षात ठेवावं की ही दोन्ही औषधं स्पर्धेच्या काळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी घातलेली आहेत. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटर जिंकलेली अमेरिकन धावपटू केली व्हाइट मोडाफिनिलमध्येच सापडली आणि तिची दोन्ही सुवर्णपदकं गेली.

मग करायचं काय? अभ्यासिका चालवणाऱ्यांनी रात्री बारानंतर दिवे मालवले तर मुलं सुरुवातीला चिडतील, पण त्यांच्या गुणांसाठी यापेक्षा उपयोगी आणि बिनखर्चाचं दुसरं काही मला दिसत नाही. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी काढायला एक सतरंजी ठेवली तर आणखी चांगलं. ज्याला सात-आठ तास झोपूनही वर्गात पेंग येते, त्याने गोळी मागवण्याऐवजी डॉक्टरांना तेच सांगावं, कारण मागे रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य किंवा खरोखरचा झोपेचा विकार असू शकतो.

कारखान्यांचं काम मात्र मोठं आहे. हंगामाआधी वाहनचालकांचे डोळे तपासायची शिबिरं होतात, त्यातच झोपेचेही प्रश्न विचारता येतील: रात्री जोरात घोरतो का, घोरताना श्वास अडकून दचकून उठतो का, दिवसा चालवताना डुलकी लागते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणसाला स्वतःला ठाऊक नसतात, घरातल्यांना ठाऊक असतात, म्हणून ते घरी विचारून यायला सांगावं. जाड मान, वाढलेलं वजन आणि रक्तदाब असणाऱ्या चालकांची यादी केली, तर बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची पुढची तपासणी होऊ शकेल, तेवढी सोय तिथे करायला हवी. श्वास अडकण्याच्या या विकारावर पहिला उपचार आहे वजन उतरवणं आणि रात्री नाकावर हवेच्या दाबाचं यंत्र लावून झोपणं. ते नीट वापरूनही पेंग उरली, तरच मोडाफिनिलचा विचार करायचा, आणि तोही डॉक्टरांनी.